तिकिटाची मागची बाजू

लिलावाच्या यादीत नोंदवण्यापूर्वी प्रत्येक टपालतिकीट उलटून पाहायचे, हा ‘भिंगवाले’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वयस्क तपासनिसांचा शिरस्ता. आज पाळी त्यांच्याच दुर्मिळ विमानटपाल-तिकिटाची होती. लहानपणी वहिनीच्या नावे आलेल्या हवाईपत्रातून, म्हणजे आत मजकूर लिहून घडी घातलेल्या एकाच कागदातून, ते त्यांनी कागदासकट गुपचूप कापले, वहीत डकवले आणि आळ उंदरावर घातला. त्यानंतर परदेशातून दादाचे पत्र आले नाही, दादाही नाही.

वहीतून सुटे केलेल्या तिकिटामागे दादाचे बारीक अक्षर होते: ‘माझी वाट पाहू नकोस.’

भिंगवाल्यांनी तिकीट लिलावातून काढले आणि थेट वहिनीपुढे ठेवले. तिने ते दोनदा वाचले.

“चाळीस वर्षं मी दाराला आतून कडी लावली नाही, भावजी,” ती म्हणाली.