राहेलबाईंची घागर आणि माझा शुक्रवार

भास्कर साळवेचं पोस्टकार्ड आलं तेव्हा आमचा महाबळेश्वरचा बेत जवळजवळ ठरला होता. कार्डावर मोजक्या ओळी होत्या: ‘पंडिता, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे तुमच्या गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी ये. त्या संध्याकाळी मी देवळात बारा जणांचे पाय धुतो. पाहून जा. पांढरे कपडे आणू नकोस, धूळ फार आहे.’

भास्कर आणि मी सोलापूरच्या शाळेत एका बाकावर होतो. शास्त्रीबुवांच्या संस्कृतच्या वर्गात तो पहिला यायचा आणि मी दुसरा. तो ख्रिस्ती, मी वेदपाठी घराण्यातला. घरी निकाल सांगताना मी ‘दुसरा आलो’ एवढंच सांगत असे. पहिला कोण, हे वडिलांनी विचारलं नाही आणि मीही कधी आपण होऊन सांगितलं नाही. पुढे तो पाळक झाला, म्हणजे आपल्या मंडळीचा धर्मगुरू, आणि मी वार्ताहर. विद्येने विनय येतो असं आम्हाला घोकवलं होतं. आमच्या बाकापर्यंत तो पोचला नसावा.

“महाबळेश्वर सोडून सोलापूर? एप्रिलात?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“पाय धुण्याचा विधी पाहायचाय.”

“तो घरीही पाहता आला असता. बाहेरून आल्यावर स्वतःचे कधी आठवणीनं धुतलेत?”

एवढा आशीर्वाद घेऊन बुधवारी पुण्याहून सकाळची गाडी पकडली. या प्रवासाला निघणाऱ्यांनी डाव्या-उजव्या खिडकीचा वाद घालू नये. बहात्तरचा पाऊस न आल्यामुळे दोन्हीकडे सारखंच काही नाही. जेऊरला मात्र मी मान बाहेर काढली. गाडी थांबताच बायका हंडे घेऊन इंजिनाकडे धावल्या. ड्रायव्हरनं नळी सोडली आणि वाफाळतं पाणी हंड्यांत पडू लागलं. माझ्या समोरच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. “गाडी लेट होणार,” ते म्हणाले. त्यांच्या मांडीवर पाण्याची गच्च भरलेली सुरई होती.

सोलापूरला उतरून स्टँडजवळच्या खानावळीत जेवलो: कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. ही भाकरी पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते आणि दाताच्या डॉक्टरांचा धंदा चालवते. चटणीचा पुडा बांधून घेतला. चादरी पाहिल्या, पण त्या उन्हात चादरीकडे पाहूनही घाम येत होता.

दुधनीच्या एस. टी.त शेजारी तिथलेच एक आडत्ये बसले होते. विभूतीचे ठसठशीत पट्टे, तोंडात मराठी आणि कानडी सारख्याच वेगानं. मी कुठल्या गावी उतरणार ते ऐकून त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

“तितं तुमचं कोन हाय?”

“पाळक आहेत ना, ते माझे मित्र.”

“पाळक काय म्हायत न्हाय बगा. राहेलबाईचं गाव म्हना की! खडीवर पानी नेती ती म्हातारी.”

माझा मित्र आपल्या गावात दुसरा आला होता. मी ते मनात जपून ठेवलं.

गाव म्हणजे वेशीबाहेर चाळीसेक घरं, पत्र्याचं एक देऊळ (आपण ज्याला चर्च म्हणतो त्याला ही मंडळी देऊळच म्हणतात), त्यामागे पाळकांची दोन खोल्यांची जागा आणि अंगणात एक विहीर. आसपास पाणी उरलेली तेवढीच. घरटी दोन घागरी, असा नियम भास्करनंच घालून दिला होता. त्याचे केस पांढरे झाले होते, पण बोलणं अजून पहिल्या नंबरचं.

“आमच्याकडे पाय धुण्याची रीत नव्हती,” तो सांगू लागला. “ती मी सुरू केली. प्रभूनं मरणाच्या आदल्या संध्याकाळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. गुलामाचं काम. ते नुसतं वाचून कळत नाही रे.”

“आमच्या पूजेत पाद्य असतं,” मी म्हणालो. “भक्त देवाचे पाय धुतो.”

“आणि इथं देव धुतो. फरक एवढाच आहे, आणि तो एवढासा नाही.”

शेवटचा शब्द त्याचाच. शाळेतही असायचा.

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. ईस्टरनंतर त्याची बदली होती. मंडळीला अजून सांगितलेलं नव्हतं. जाण्याआधी त्याला राहेलबाईंचे पाय धुवायचे होते आणि राहेलबाई तीन वर्षं नकार देत होत्या. “या मंडळीत ज्यांचे पाय धुवावेत अशी एकच बाई आहे,” तो म्हणाला, “आणि मी उरलेल्या सगळ्यांचे धुऊन बसलोय.”

गुरुवारी सकाळी मी राहेलबाईंबरोबर निघालो. साठीच्या, काटकुळ्या, डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी. दीड मैलावर दुष्काळी कामाचा रस्ता होता. तिथं बाया-बाप्ये खडी फोडत बसायचे आणि सरकारी टँकर मनात आलं तर यायचा. राहेलबाई आपल्या वाटच्या दोन घागरींतली एक रोज तिथं नेत. मी कळशी घेऊ केली.

“राहू द्या, पेपरवाले सायेब. सांडली तर तुमी लिवाल, सोलापूर जिल्ह्यात पाऊस पडला म्हून.”

वाटेत त्या किंचित लंगडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “वहाण जुनी हाय.”

कामावर पोचलो तशी पांढऱ्या भुकटीनं माखलेली एक बाई उठून आली. तिचं नाव गंगव्वा. “अव्वा, नीर कोडु,” ती म्हणाली. आई, पाणी दे. राहेलबाईंनी वरून धार धरली, गंगव्वानं ओंजळ धरली, आणि मग रांगच लागली. मीही प्यालो. माझ्या जानव्यानं आजवर रेल्वेचा चहा निमूट सोसला होता. त्या दिवशीही ते काही बोललं नाही.

परतताना गंगव्वा वाटेपर्यंत आली आणि मोडक्या मराठीत स्वतःहूनच म्हणाली, “आदी आमी लांब ठिव म्हनलो, घागर. अव्वा ठिवली. लांब जाऊन बसली. आमी पेलो.” एवढं बोलून ती खडीकडे वळली.

म्हणजे सुरुवातीला यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं. घागर दूर ठेवून राहेलबाई उठून जायच्या, तेव्हा ती माणसं पीत. “तुम्हाला वाईट नाही वाटलं?” मी विचारलं.

“वाटलं की. मी काय दगुड हाय?” त्यांनी डोक्यावरची रिकामी घागर सावरली. “पर तान लागल्यावर मान्साला जात आटवती ती लई येळ न्हाय आटवत. तितकं थांबायचं.”

दुपारी हे भास्करला सांगितलं तर तो उसळला. “आपणहून वाकणं वेगळं आणि वाकवलं जाणं वेगळं! मी मंडळीला सांगितलं होतं, तुमच्या हातचं घेत नाहीत तोवर कुणी घागर न्यायची नाही. सगळ्यांनी ऐकलं. एकटी हीच ऐकेना. मला काय म्हणाली माहीत आहे? ‘तुमी फरक समजावून सांगा सायेब, तवर मी पाजून येते.’”

“आता तर हातचं घेतात. मग बाकीचे का नेत नाहीत?”

तो खिडकीबाहेर विहिरीकडे पाहत राहिला. “एकदा नाही म्हटलं की नाहीची सवय होते,” म्हणाला. “ती सवय मीच लावली.”

ऊन कलल्यावर देवळाची घंटा झाली. पुढच्या बाकावर बारा जण बसले होते. असे नटलेले बारा मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेले नाहीत. केस चापून बसवलेले, धोतरं निळीची, पायांना खोबरेल. शाळेतले शमुवेल मास्तर तर नवे पायमोजे घालून आले होते, आणि ते काढावे लागतील हे त्यांना आत्ता सुचत होतं.

भास्करनं कमरेला रुमाल बांधला, गुडघे टेकले आणि पितळी घंगाळ पुढे ओढलं. पहिल्याच्या पायांवर अर्धा तांब्या ओतला. दुसऱ्याच्या. मास्तरांचे मोजे निघाल्यावर त्यांच्या. मग तो थांबून घंगाळात पाहू लागला. मीही मान लांब करून पाहिलं. पाणी ओतलं तसंच नितळ होतं, वर फक्त तेलाचे डोळे तरंगत होते.

“घरून धुऊन आलात?” त्यानं विचारलं.

“व्हय की,” मास्तर अभिमानानं म्हणाले. “दगडानं घासून. तुमच्या हाताला घान लागू द्याची व्हय, सायेब?”

बाराही माना डोलल्या. पाय धुऊन घ्यायचे म्हणून प्रत्येक जण पाय धुऊन आला होता. घरटी दोन घागरी पाणी मिळणाऱ्या गावात.

“म्हंजी दोन्दा झालं की पानी,” मागून आवाज आला.

राहेलबाई दाराशी उभ्या होत्या. संध्याकाळी आणखी एक कळशी पोचवून परस्पर आलेल्या, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या. कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

भास्कर उठला. घंगाळ दोन्ही हातांनी उचलून सगळ्या देवळातून मागे आला आणि ते त्यांच्यापुढे ठेवून पुन्हा गुडघ्यांवर बसला. “राहेलबाई, इथं मळलेले पाय एवढेच आहेत. बसा.”

“उटा सायेब. बरं दिसत न्हाय. उद्या पुन्ना मळत्यात.”

“म्हणूनच.”

“मी न्हाय बसायची.”

“माझी बदली झालीय,” भास्कर म्हणाला. आवाज पहिल्या नंबरचा उरला नव्हता. “पुढच्या वर्षी विचारायला मी इथं नाही.”

देवळात कुजबुज उठली. राहेलबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी घंगाळाकडे पाहिलं, मग पुढच्या बाकाकडे. तिथले बारा जण माना वळवून बघत होते.

“बसते,” त्या म्हणाल्या. “पर अगूदर एक सांगा. उद्याची घागर कोन नेनार? माजी टाच फुटलीया. आज निम्म्या वाटंत बसले व्हते. मी ऱ्हायले तर ती मानसं कुनाची वाट बगत्याल?”

ही त्यांची अट. बाराही जणांनी आपले पाय बाकाखाली ओढून घेतले. भास्करनं मंडळीकडे पाहिलंही नाही. नेऊ नका असं त्यानंच एकदा सांगितलं होतं, आता न्या म्हणायला त्याला तोंड नव्हतं. तो खाली मान घालून घंगाळापाशी बसून राहिला. मला शांतता फार वेळ सोसत नाही, हा माझा जुना दोष.

“उद्याची मी नेतो,” असं कुणीतरी म्हणालं. तो मीच होतो.

राहेलबाईंनी मला निरखलं. “सायेब, अर्दी सांडचाल.”

“अर्धी पोचेल.”

मग मास्तर उभे राहिले, एका पायात पुन्हा चढवलेला मोजा, एक पाय अनवाणी. “शनवारी मी.” त्यांच्या शेजारचा म्हणाला, “सोमवार माजा.” मागून एक बाई ओरडली, “ह्येंच्यानं काय व्हतंय, मंगळवारी मी जाते!” वार भरले तशा राहेलबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पाय पुढे केले. आधीच्या तिघांच्या त्याच पाण्यात भास्करनं ते धुतले. भुकटी सुटली तशी टाचेवरची भेग दिसली, बोट जाईल एवढी, खडीच्या कपच्यांनी भरलेली. एकेक कपची तो नखानं काढत बसला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्या त्याला पोरासारखं रागावल्या, “आता हे आनि वर कशाला? पानी लई झालंय का?” आणि उठताना मास्तरांना म्हणाल्या, “घंगाळ सांडू नगासा. शेवग्याला घाला.”

शुक्रवारी सरकारला सुट्टी होती. खडी फोडणाऱ्यांची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते. मी घागर खांद्यावर घेतली. या वाटेनं जाणाऱ्यांना अनुभवाचे बोल: खांद्यावर टॉवेलाची घडी घ्यावी, घागरीत कडुनिंबाची डहाळी टाकावी म्हणजे पाणी कमी हिंदकळतं, आणि वाटेत कुणी ‘दमलात का’ विचारलं तर खरं सांगावं. हे तिन्ही मला परतताना कळलं. अर्धी पोचली. गंगव्वानं माझ्या ओल्या सदऱ्याकडे पाहून कानडीत काहीतरी म्हटलं आणि सगळी रांग हसली. मी अर्थ विचारला नाही. दुपारच्या उपासनेत मागच्या बाकावर बसलो; खांदा ठणकत होता, आणि क्रूस वाहून नेण्याचं वर्णन मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं.

शनिवारी निरोप घेताना भास्कर म्हणाला, “पंडिता, या परीक्षेत आपण दोघेही नापास रे.” आम्ही एकाच नंबरवर आल्याची ही पहिली वेळ.

घरी आलो. पायरीवर सौभाग्यवती तांब्या घेऊन उभ्या होत्या. नेहमीसारखे पाय पुढे केले आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तांब्या त्यांच्या हातून घेतला. अर्ध्या तांब्यात दोन्ही पाय होतात. “ऊन लागलंय का?” त्यांनी काळजीनं विचारलं. चटणी सगळ्यांना आवडली. लेख लिहायला घेतला, नम्रतेवर दोन चांगली वाक्यं जमली, आणि पुण्यात माणसाला जसं स्वतःबद्दल बरं वाटतं तसं मला वाटू लागलं.

तेवढ्यात, परवा, शमुवेल मास्तरांचं कार्ड आलं. भास्कर नव्या गावी गेला. वारांची यादी देवळाच्या दाराला लावली आहे आणि सगळे नेमानं जातात. पुढे मास्तरांच्या वळणदार अक्षरात: ‘शुक्रवारी आपले नाव आहे. खोडू म्हटले तर राहेलबाई खोडू देत नाहीत. म्हणतात, पाहुण्याने देवळात दिलेला शब्द आहे, तो येईल. तोपर्यंत आपल्या वारी त्या स्वतः नेतात. टाच अजून भरलेली नाही.’

लेखातली ती दोन चांगली वाक्यं काढून टाकली आहेत. उद्या गुरुवार, सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. “किती दिवस?” घरातून विचारणा झाली. “एक शुक्रवार,” मी म्हणालो, तर टॉवेल घडी करून पिशवीत आला.

वाचकांपैकी कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर दुधनीच्या एस. टी.त बसून राहेलबाईंचं गाव सांगावं, कंडक्टर बरोबर उतरवतो. पांढरे कपडे नेऊ नयेत. आणि देवळाच्या दारावरची यादी जरूर वाचावी. हा शुक्रवार माझा आहे. पाऊस येईपर्यंतचे बाकीचे मोकळे आहेत.