तापलेलं बॉनेट

बॉनेटवर तळहाताच्या तीन थापा. मग जरा वाकून, हळू आवाजात, "उठा बाई, निघायचंय."

काळेवाडीतल्या आमच्या सोसायटीत बरेच दिवस माझी सकाळ या वाक्याने सुरू झाली. माझं पार्किंग काकांच्या शेजारी. चाकणच्या कंपनीत जायला मी अर्धवट झोपेत खाली उतरायचे, तेव्हा हा साठी उलटलेला माणूस आपल्या पांढऱ्या गाडीची मनधरणी करत असायचा. थोड्या वेळाने गाडीखालून एक करडी मांजर बाहेर यायची, अंग ताणायची आणि झोपमोड केल्याबद्दल त्यांच्याकडे एकदा रागाने बघून चालू लागायची. मागच्या सीटवरून काकू म्हणायच्या, "मला कदी उठवलं न्हाई इतक्या मायेनं."

"तू कुठं इंजिनात झोपतीस?" काका म्हणायचे.

काका मूळचे लातूरकडचे. तरुणपणी कामासाठी इकडे आले आणि इथल्याच एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. पहिली गाडी घेतली ती त्यानंतर. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल, ज्याच्या गाडीवर बसायला धूळसुद्धा बिचकते. हल्लीच्या गाड्या सारख्या काही ना काही सांगत असतात, आणि काका त्यांना उत्तरं द्यायचे. रिव्हर्स घेताना सेन्सर कोकलायला लागला की म्हणायचे, "दिसायलंय मला, आंधळा न्हाई मी." शेजारच्या सीटवर काकूंची दवाखान्याची पिशवी असायची. तिच्या वजनाने गाडीला वाटायचं माणूसच बसलंय, आणि बेल्ट लावा म्हणून ती पीं पीं करत राहायची. शेवटी त्यांनी पिशवीलाच बेल्ट लावून टाकला. "आता गप बसती," मला अभिमानाने दाखवत ते म्हणाले.

काकूंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं, वाकडच्या एका दवाखान्यात, सकाळच्या पहिल्या पाळीला. उशीर झाला की सगळंच लांबायचं, आणि काकूंच्या अंगावर सूज चढायची. आम्हा बाकीच्यांची गाडी एखाद्या दिवशी नाही चालू झाली तर साहेबांची बोलणी खावी लागतात, एवढंच. काकांना ती चालू व्हायलाच हवी होती. म्हणून एवढं पुसणं, एवढं जपणं. मला ते कळायला वेळ लागला. तोवर मीही इतरांसारखीच त्यांना हसत होते.

मांजरीचं आणि त्यांचं आधी मुळीच पटत नव्हतं. बॉनेटवर तिच्या पायांचे ठसे दिसले की ते फडकं घेऊन धावायचे. "रांगोळी काढून गेली बघा भवानी!" काकू वरून, खिडकीतून तिला बघून, तिच्यासाठी दूधपोळीची वाटी खाली पाठवायच्या आणि तीही काकांच्याच हातून.

मग एका डायलिसिसच्या सकाळी गाडीने मान टाकली. समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन काही केल्या चालू होईना. काकू मागे बसलेल्या, पिशवी बेल्ट लावून तयार. मोबाइलवरून बोलावलेला एक कॅबवाला "कुठं जायचंय?" विचारून गायब झाला, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. काकांच्या कपाळावर घाम. मी दोघांना माझ्या गाडीत घातलं आणि वाकडला सोडलं. रस्ताभर काका माझ्या शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होते आणि काकूंना सांगत होते, "पोचतो बघ, आलंच." काकू डोळे मिटून म्हणाल्या, "मी कुठं काय म्हणायले?"

उंदरांनी वायर कुरतडली होती. त्यानंतर काकांनी काय काय केलं ते विचारू नका. इंजिनात तंबाखूची पानं ठेवली, डांबरगोळ्या टांगल्या, कसलासा फवारा मारला. गाडीला पानटपरीचा वास यायला लागला. काकूच शेवटी वैतागल्या. "अवो, एवढं करण्यापरीस ती मांजर ऱ्हाऊ द्या की तितं."

मांजर राहिली आणि उंदीर फिरकले नाहीत. गाडी दवाखान्यातून तापून आली की ती खालून आत शिरून इंजिनाशेजारी झोपायची. आता काकांना दुसरी काळजी लागली, ही इंजिनाच्या पट्ट्यात सापडली तर? त्या तीन थापा तेव्हापासूनच्या.

गेल्या दिवाळीच्या आधी काकू गेल्या.

दिवस वगैरे झाल्यावर मुलगी आपल्या घरी लातूरला परतली. गाडी जागेवर उभी राहिली. ती जाणार तरी कुठे होती? तिच्यावर धूळ बसली, काकांनी पुसली नाही. थापाही बंद झाल्या, कारण मांजरच येईनाशी झाली होती. मी रोज शेजारून माझी गाडी काढून निघून जायचे.

मग एका संध्याकाळी मी घरी परतत होते. नाशिक रस्ता, कुरुळीजवळ, पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसेस, सगळं ठप्प. शेजारच्या रांगेत काकांची गाडी. काचा खाली, काका निवांत. शेजारच्या सीटवर पिशवी नव्हती. बेल्ट मात्र लावलेलाच होता. दुसऱ्या दिवशी परत तेच. जिथून सुटायला आम्ही सगळे रोज तडफडतो, तिथे हा माणूस आपणहून येऊन उभा होता.

पार्किंगमध्ये मी विचारलं, "काका, चाकणला कुणाकडे जाता?"

"कुणाकडं न्हाई. इंजिन तापवायला."

मला कळेना. ते जरा ओशाळले. "गार गाडीत ती येत न्हाई, ताई. हितंच चालू ठेवून बघितली, तर लोक बोंबललेत धूर होतो म्हणून. जवळ चक्कर मारली तर लगीच गार होती. तुमच्या त्या ट्रॅफिकमदी कशी मस्त तापती. घरी आलो की ती येऊन झोपती."

"पण आता उंदरांनी वायर खाल्ली तरी काय बिघडतंय, काका?"

बोलून गेल्यावर मला स्वतःचीच चीड आली. काका बॉनेटवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "तसं न्हाई. सकाळी उठवायला कुणीतरी लागतं की, ताई."

उन्हाळ्यात मुलगी त्यांना न्यायला आली. गाडी विकली. निघताना काका माझ्या गाडीजवळ आले. मला वाटलं निरोप घेतील. म्हणाले, "तुमची गाडी रोज चाकणवरून तापून येती. ती हितंच येईल. थाप मारल्याबगर चालू करू नगा. आन् नुसती थाप मारू नगा, घाबरती. बोलून उठवा."

ती लगेच आली नाही. बरेच दिवस त्यांच्या रिकाम्या जागेत बसून असायची. मग एका सकाळी माझ्या बॉनेटवर ठसे दिसले. आदल्या दिवशी ओव्हरटाइम झाला होता, अंग मोडून आलं होतं, बस पकडता आली असती तर तीच पकडली असती. मी तीन थापा मारल्या. काही हललं नाही. पुन्हा मारल्या. आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं, वाकले आणि म्हणाले, "उठा बाई, निघायचंय."

ती बाहेर आली. अंग ताणलं. वर, काकूंच्या बंद खिडकीकडे बघितलं आणि चालू लागली. मी किल्ली हातात धरून तिथेच उभी राहिले. मलाच निघावंसं वाटेना.