पेट्रोल कुठे जात होतं

हे लिहायचं मी तीन-चार वर्षं टाळलं. आधी वाटायचं, घरातली गोष्ट आहे, घरात मिटेल. मग मिटली असं वाटायला लागलं. ज्याच्याबद्दल लिहायचं तो गेल्या दिवाळीच्या सुमाराला वारला, आणि तेव्हापासून टाळायला काही कारण उरलं नाही. रडून वगैरे लिहितोय असं नाही. रडू येण्याचा काळ कधीतरी येऊन गेला असावा, माझ्या तो लक्षात आला नाही. जे झालं ते जसं झालं तसं मांडतो, एवढंच.

तो आणि मी हसनाबादचे, एका वर्गातले. मी पोस्टात लागलो, तो एसटीत ड्रायव्हर झाला. मी नवीन जालन्यात घर बांधलं. तो जुन्या जालन्यात भाड्याने राहायचा, सुटीला गावाकडे. एसटीत एका लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर गेली हे ड्रायव्हरच्या नावावर मोजतात. त्याला ते लोक केपीएल म्हणतात. चांगलं केपीएल काढणाऱ्यांची नावं डेपोत फळ्यावर लागायची आणि त्याचं नाव बहुतेक वेळा असायचं. दुसरी कुठली फुशारकी त्याने मारलेली मला आठवत नाही. ही मात्र मारायचा. म्हणायचा, एक्सलेटर दाबायचा नसतो, त्याच्यावर पाय नुसता ठेवायचा असतो.

निवृत्त झाल्यावर त्याला पेन्शन फारच थोडी बसली. माझ्या मुलाची बियाण्यांची फर्म आहे. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा ड्रायव्हर म्हणून यालाच बोलावलं. बाहेरचा कशाला, काकाच बरे, असं मुलगा म्हणाला. त्याला गाडीपेक्षा माझी काळजी जास्त होती. पत्नी गेल्यापासून मी घरात एकटा बसून असायचो, दवाखान्यात न्यायला-आणायला कुणी नव्हतं. पहिल्या दिवसापासून तो मला मालक म्हणायला लागला. सकाळी पोर्चमधून हाक यायची, "काय मालक, तयार झाले का? का अजून धोतर सापडून न्हाई राह्यलं?" मी धोतर कधीच नेसलो नाही. त्याला ते माहीत होतं.

गाडी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी होती. घरी प्लग लावून बॅटरी भरायची. मुलाने आम्हा दोघांना पोर्चमध्ये उभं करून समजावून सांगितलं होतं. रोज रात्री भरली तर गावात पेट्रोल लागतच नाही, हसनाबादला जाऊन यायलाही थोडंच लागेल. पण बॅटरी रिकामी ठेवून चालवली तर ही साध्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल खाते, कारण त्या जड बॅटरीचं ओझंही पेट्रोललाच ओढावं लागतं. तो मान हलवत होता. मीही हलवली. मला ते नीट समजलं होतं, हे इथे लिहिणं भाग आहे.

पेट्रोल फर्मच्या खात्यावर भरलं जायचं. लाइट बिल माझ्याकडे होतं.

त्याचं असं झालं होतं की पत्नी गेल्यावर एकेक करून सगळा खर्च मुलाने स्वतःकडे घेतला. किराणा, औषधं, कामवाली बाई, सगळं. घर माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर, म्हणून लाइट बिल तेवढं मी धरून ठेवलं. दर महिन्याला स्वतः जाऊन रांगेत उभा राहून रोख भरायचो. सून म्हणायची, बाबा, मोबाइलवर होतं हो ते. मी म्हणायचो, मला फिरणं होतं. खरं म्हणजे त्या एका बिलामुळे मला या घरात जेवताना बरं वाटायचं.

गाडी आल्यावरचं पहिलं बिल जवळजवळ दुप्पट आलं. युनिट वाढले की पुढच्या युनिटचा दरही वाढतो, त्यामुळे गाडीची वीज सगळी वरच्या दराने लागत होती. पेन्शनचा चांगलाच लचका गेला. मुलाला सांगितलं असतं तर त्याने हसत भरलं असतं, आणि पुढचंही प्रत्येक बिल भरलं असतं. मला तेच नको होतं.

जेवण झाल्यावर मी अंगणात शतपावली घालायचो. एकदा फेऱ्या मारता मारता पोर्चमधलं चार्जिंगचं बटण बंद केलं. सकाळी दूध आणायला उठलो तेव्हा पुन्हा चालू केलं. तो कामावर येईपर्यंत प्लगजवळचा हिरवा दिवा लुकलुकत असायचा. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. मग ते रोजचं झालं. चोरी करतोय असं तेव्हा वाटलं नाही. फर्मचं पेट्रोल म्हणजे कुणाचंच नाही, असं काहीतरी डोक्यात असावं.

बॅटरीचं आठवड्याभरातच त्याच्या लक्षात आलं. दवाखान्यातून येताना म्हणाला, "मालक, रातभर लावून बी निम्मी सुद्धा भरून न्हाई राह्यली ही."

मी म्हणालो, "आपल्याकडं व्होल्टेज कमी असतंय."

"हां, व्होल्टेजचं बराबर हाय," तो म्हणाला. "गावाकडं तर मोटर बी उचलत न्हाई." माझ्या खोट्याला पुरावा त्यानेच दिला आणि विषय संपला.

तीन-चार महिन्यांनी फर्मच्या हिशोबात पेट्रोलचा खर्च मुलाच्या डोळ्यावर आला. सुरुवातीला तो चेष्टेत म्हणाला, काका, पेट्रोल गाडी पिते का तुम्ही? यानेही चेष्टेत सांगितलं की मी चहाशिवाय काही पीत नाही, डॉक्टरला विचार. नंतर मुलाने गाडी संभाजीनगरला दाखवली. तिथल्या माणसाने बॅटरी तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं. रोज ती किती भरते हे त्याला कुणी विचारलं नाही. मुलाच्या मोबाइलवरही ते दिसायची सोय होती म्हणतात, पण गाडी नवी असताना चार दिवस पाहून त्याने ते सोडून दिलं होतं. त्यातच डिकीत एक रिकामा प्लास्टिकचा कॅन निघाला. जुन्या एसटीवाल्याची सवय, पाण्यासाठी ठेवलेला. कॅनला पाण्याशिवाय कशाचाही वास नव्हता. पण तो सापडला होता.

सकाळची वेळ होती. मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. मुलगा बाहेर आला आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागला. मुलगा कधी आवाज चढवत नाही. बॅटरी चांगली आहे, रोज चार्ज होते, मग एवढं पेट्रोल जातं कुठे, असं त्याने विचारलं. हा म्हणाला, बॅटरी भरतच नाही, व्होल्टेज कमी आहे. मुलगा म्हणाला, वरच्या मजल्यावर दोन एसी चालतात, त्यांना व्होल्टेज पुरतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही रात्री खालीच असता. चार्जिंग चालू असतं ना?"

"असतं," मी म्हणालो. "दिवा लागलेला असतो की."

हा माझ्याकडे वळला. "अरे, तूच सांगितलं ना मला, व्होल्टेज कमी असतंय म्हणून?" पोराच्या देखत त्याने मला मालक म्हटलं नाही.

मी पेपरची घडी घातली आणि म्हणालो, "मला गाडीतलं काय कळतं?"

एवढंच बोललो. नंतर किती वेळा हे वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता.

मुलगा म्हणाला, "काका, मला पोलिस-बिलिस काही करायचं नाही. तुम्ही घरचे आहात. पण उद्यापासून येऊ नका." त्याने महिन्याचे पूर्ण पैसे पाकिटात घालून आणले होते.

याने पाकीट घेतलं नाही. किल्ली माझ्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवली. "सगळी नोकरी डिझेलच्या टाकीवर बसून काढली," तो म्हणाला. "झाकण उघडून न्हाई बघितलं कधी." हे मुलाला उद्देशून होतं. डिकीतून आपला कॅन काढला, सायकलच्या हँडलला अडकवला आणि गेला.

त्या दिवसापासून मी बटणाला हात लावला नाही. वाटलं, जे झालं ते झालं, निदान आता पुन्हा नको. शतपावली मागच्या अंगणात घालायला लागलो. गाडी रात्रभर चार्ज होऊ लागली. एजन्सीकडून नवा ड्रायव्हर आला. महिना संपल्यावर जेवायला बसलो असताना मुलगा म्हणाला,

"बघा बाबा. काका गेले आणि पेट्रोल निम्म्याच्याही खाली आलं. मला सारखं वाटायचं, आपण त्यांच्यावर उगाच आळ तर घेतला नाही ना. आता खात्री झाली."

"घरचा माणूस असून," सून म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

म्हणजे तो दोषी आहे हे शेवटी मी सिद्ध केलं. बटण बंद करून मी त्याच्यावर संशय आणला होता, चालू ठेवून त्यावर शिक्का मारला. पुन्हा बंद करावं का, असा विचार मी केला नाही असं नाही. पेट्रोल पुन्हा वाढलं तर मुलगा विचारात पडेल, कारण दुसरीकडे शोधेल. एकदा तसं बंद केलंही. पण मग नव्या ड्रायव्हरलाही पाकीट मिळेल, हे लक्षात आलं. माघारी जाऊन चालू केलं. तोंडाने सांगायचा सरळ रस्ता होता, तो सोडून मी बटणाशीच खेळत बसलो होतो.

त्या महिन्याचं बिल बघून मुलाने ते माझ्या हातातून घेतलं. गाडीचा खर्च तुमच्यावर कशाला, म्हणाला, आणि उभ्या उभ्या मोबाइलवर भरून टाकलं. तेव्हापासून तोच भरतो. मला त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

जुन्या जालन्यातली खोली सोडून तो गावाकडे गेला. त्याच्याआधी बातमी पोचली होती. आमच्या फर्ममधून बियाणं नेणारे हसनाबादचे लोक आहेत, कुणाच्या तरी तोंडून गेली असेल. तिथल्या एका शाळेच्या बससाठी त्याचं जवळजवळ ठरलं होतं, ते मोडलं. हॉटेलात चहाला बसला की कुणीतरी म्हणायचं, काका, मोटरसायकलला दोन लिटर मिळतंय का? हे मला गावाकडच्या एका नातेवाइकाने हसत सांगितलं. मी विचारलं, मग तो काय म्हणाला? नातेवाईक म्हणाला, चहा तसाच ठेवून उठला. नंतर हॉटेलात यायचाच बंद झाला.

वर्ष उलटून गेल्यावर मी त्याला भेटायला गेलो. त्या गाडीत बसून जाणं शक्य नव्हतं, एसटीने गेलो. काय बोलायचं ते मनाशी पक्कं केलं होतं. रस्ताभर तेच घोकत होतो.

तो अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता. बारीक झाला होता. मला बघून त्याने पोत्यावरचा कचरा झटकला आणि म्हणाला, "या मालक." त्याच्या बायकोने आतून पाहिलं, पाणी आणून दिलं आणि आत गेली. चहा करते, असं ती म्हणाली नाही. चहा त्यानेच सांगितला.

आम्ही मक्याच्या भावावर बोललो. त्याच्या गुडघ्यांवर, माझ्या साखरेवर बोललो. मीही हातात कणीस घेऊन सोलायला लागलो. मग त्यानेच विचारलं,

"गाडी कशी हाय?"

"बरी हाय."

"ॲव्हरेज देती का आता?"

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरंच विचारत होता. ड्रायव्हर गाडीबद्दल विचारतो तसं.

"देती," मी म्हणालो.

"मंग व्होल्टेज सुधारलं म्हणायचं." त्याने दाणे पाटीत टाकले. मग कणसाकडेच बघत म्हणाला, "तुझ्या पोरावर माझा बिलकुल राग न्हाई. त्यानं जे दिसलं ते केलं. तू एक शब्द बोलायला पाहिजे होता. हा असा माणूस न्हाई, एवढाच. मंग काढलं असतं तरी चाललं असतं."

माझा गुन्हा एवढाच आहे, असं तो समजून चालला होता. गप्प बसलो, एवढाच. तेवढ्याची माफी मागितली असती तर त्याने दिली असती, बहुतेक तिथेच. पण तेवढीच मागणं म्हणजे अजून एकदा फसवणं झालं असतं, आणि सगळं सांगायला तोंड उघडत नव्हतं. मी म्हणालो, "मी काय म्हणतो..." तो कणीस खाली ठेवून ऐकायला थांबला. मी विचारलं, परतीची बस किती वाजता आहे.

तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. बस लांबूनच दिसली तसा त्याने हात केला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, गाडी बरोबर आमच्यापुढे उभी राहिली. माझ्या हातातली पिशवी त्याने वर दिली आणि म्हणाला, "दांडा धर नीट." मी दारात उभा राहून त्याच्याकडे वळलो. कंडक्टरने दार लावलं आणि घंटी मारली.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा सगळं झालं होतं. जाताना एसटीत घोकलेलं मी कुणापुढेच कधी बोललो नाही. ते इतकंच होतं: पेट्रोल तू घेतलं न्हाई. बटण मी बंद करत होतो, लाइट बिलापायी, आणि पोरानं विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. मला माफ कर.