साजाखालचा ओटा

भलं करायला निघालेल्या माणसांचा मला भारी वैताग आहे. मरोद्यातल्या आमच्या गल्लीत अशी माणसं पैशाला पासरी, आणि सगळ्यांचा डोळा शेजारच्या रुक्माबाई उईकेंच्या देवांवर.

रुक्माबाई गोंड, देवलापारकडच्या. अंगणात साजाचं जुनं झाड आहे, आणि त्यात त्यांचा बडादेव राहतो. त्याला छप्पर नको, घंटा नको. बुंध्याशी नदीतले साधे गोटे, हे घरातले जुने पितर. घरात कुणी गेलं की गावच्या नदीतून गोटा आणायचा आणि भुमकाने, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याने, तो पितरांना टेकवून ठेवायचा. तोवर गेलेला माणूस बाहेरच. पण लोकांना राहवतं का? कुणी म्हणे शेंदूर लावा, कुणी म्हणे मूर्ती बसवा. आदिवासी दिनाला तर डोक्यात पिसं खोचून स्टेजवर नाचा म्हणाले. “कोंबडी हाय का मी?” रुक्माबाईंनी विचारलं.

हिवाळ्यात त्यांचे यजमान देवराव गेले. चैत्रात रुक्माबाई गोटा आणायला गावी गेल्या आणि भुमकाला घेऊन परतल्या. बघतात तर साजाभोवती चकचकीत फरशीचा ओटा. वर लिहिलेलं, ‘स्व. देवराव उईके स्मृती’. गल्लीतल्या सुधारणा समितीने पुढाकार घेतला होता आणि मुलगा राजकुमार देणगी देऊन मोकळा झाला होता.

“आई, बघ न, कितना अच्छा लग रहा है. बाबांचं नावपण टाकलं.”

“अन् गोटे?”

“नीचेच हैं. वरून काँक्रीट टाकलं, हलणार नाहीत.”

भुमका खाली बसला. रुक्माबाईंच्या पदरात देवरावांचा गोटा तसाच होता.

“नाव चढवलं अन् बाप बाहेर ठेवला,” त्या म्हणाल्या. “आता याले कोठी बसवू, सांग मले.”

समितीचे दौलतराव समजूत घालायला पुढे आले. “वरच ठेवा ना बाई. एवढा खर्च झाला. देव काय, सगळीकडे असतो.”

माझं डोकंच फिरलं. घरात गेले, पहार आणली आणि राजकुमारच्या हातात दिली. तो आईकडे बघत राहिला. मग त्याने पहिला घाव घातला, तो नेमका बापाच्या नावावर. फरशी तडकली. दुसऱ्या घावाला हात उचलला तसा रुक्माबाईंनी त्याचा दंड धरला.

“हळू मार,” त्या म्हणाल्या. “खाली तुहा आजा हाय.”