कौलांच्या सहा माळा

प्रभाकरराव कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी फिशटँक शोधत. टँक दिसला की यजमानाला न विचारता खालचं कपाट उघडून आत नाक खुपसत. त्या कपाटात संप असतो. टँकचं पाणी तिथे उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने परत वर चढतं. वास घेऊन झाला की मान हलवत म्हणत, "मासे तुम्ही पाळत नाही, छळता."

विरारच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना 'सर' म्हणत. आयुष्यात एक तासही त्यांनी कुठे शिकवलेलं नव्हतं. पाणी तपासायच्या चार बाटल्या खिशात घालून फिरणाऱ्याला आपले लोक लगेच शहाणा समजतात. मीही समजलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

आमचा टँक बाबांचा. वाडीतलं घर पाडलं तेव्हा त्यांनी फुटकी कौलं आणली, सुपारीएवढे तुकडे करून भोकं पाडली आणि अर्नाळ्याच्या कोळ्याकडून आणलेल्या निळ्या दोऱ्यात ओवली. अशा सहा माळा संपमध्ये लोंबत. कौलाच्या छिद्रांत माशांची घाण पचवणारे जंतू वाढतात. बाबा वाडीतल्या तळ्याचा दाखला देत, "वाडीतलं बावखल कोण एका दिवसात उपसतं का? तळाचा थोडा गाळ ठेवायचाच. धुवायची तर एकच माळ, तीही टँकच्याच पाण्यात."

बाबा गेले आणि बंड्या मागे राहिला. ऑस्कर जातीचा, नऊ वर्षांचा मासा. बाबांच्या बोटांतून खायचा. महिनाभर माझ्याकडे बघितलंही नाही, मग एक दिवस माझ्या बोटांतून खाल्लं. त्या दिवशी मी रडलो.

सरांनी आमचा संप उघडून एक माळ दोन बोटांत धरली. "हे काय, डेब्रिज? तुम्हा वाडीवाल्यांना फुकटचं काही सोडवत नाही. लोक इम्पोर्टेड फिल्टर मीडिया वापरतात." मग पांढऱ्या सिरॅमिकच्या नळ्यांची नावं लिहून दिली आणि बजावलं, "सगळं एकदम बदल. अर्धवट काम मला चालत नाही."

मी एकदम बदललं. माळा गोणीत भरून गेटजवळ कचऱ्यात ठेवल्या. कोऱ्या नळ्यांत जंतू कुठून असणार? चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, सहाव्या दिवशी बंड्या आडवा झाला. सर येऊन बघून गेले. "एज झालं होतं रे त्याचं," म्हणाले. "आता डिस्कस मासे घे. क्लासी दिसतात."

पुढे ते मुलाकडे पुण्याला निघाले. मासे दुसऱ्या दिवशी पिशव्यांतून जायचे होते. टँकच्या आवराआवरीला हाताशी माणूस हवा म्हणून मला बोलावलं, आणि शेजारधर्म म्हणून मी गेलो. ते आत भांडी बांधत होते. मी पहिल्यांदाच त्यांचं कपाट उघडलं. पुढे पांढऱ्या नळ्यांची रांग होती. मागे निळ्या दोऱ्यातल्या सहा माळा लोंबत होत्या, तपकिरी, बुळबुळीत. गाठी बाबांच्या होत्या.

सर मागे येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "तू टाकल्या होत्यास ना? तयार मीडिया होता. वाया कशाला घालवायचा?"

"मग मला टाकायला का सांगितलंत?"

"तुला जे बेस्ट, ते सांगितलं."

बंड्या गेल्यापासून मी त्यांना मूर्ख समजत होतो. मूर्खाला माफ करता येतं. या माणसाला सगळं कळत होतं.

मी त्यांचीच बादली घेतली, त्यांच्याच टँकच्या पाण्याने भरली आणि माळा सोडवायला लागलो. तेव्हा प्रथमच त्यांचा आवाज कापला. "अरे, सगळ्या नेऊ नकोस. मासे मरतील माझे."

मी पाच घेतल्या. सहावी तशीच राहू दिली. माशांनी माझं काही बिघडवलं नव्हतं.