बावन्न मिनिटांत हरवलेलं नाव

सुनीती दाणी एका खाजगी इस्पितळाचे सर्व्हर सांभाळायची. एकवीस वर्षं तेच काम. घर रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, आणि इस्पितळही तिथून चालत आठ मिनिटांवर. वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर घरात ती आणि आई, विमलाबाई. लग्नाचं काही जमलं नाही, तिनेही फार मनावर घेतलं नाही. सर्व्हर रूममधल्या गारठ्यात पांघरायला एक तपकिरी शाल ती खुर्चीवर ठेवायची. बाहेर रायपूरचं बेचाळीस डिग्रीचं ऊन आणि आत ही शाल घेऊन बसलेली, त्यामुळे नर्सा तिला गमतीने ‘शिमलावाली दीदी’ म्हणत.

इस्पितळाची दुसरी इमारत शहराच्या कडेला, भनपुरीला होती. तिकडे कारखाने, ट्रकांचे अड्डे, रोज कुणी ना कुणी चेंगरलेला, भाजलेला यायचा, म्हणून तिथे अपघात विभाग काढला होता. सुनीतीने दोन्हीकडे एकेक सर्व्हर बसवला आणि त्यांची जोडी बांधली. बूढ़ापाऱ्यात लिहिलेली प्रत्येक नोंद त्याच क्षणी भनपुरीतही उतरायची. दोघं दर सेकंदाला एकमेकांना कळवायचे की मी जिवंत आहे. एकाचा निरोप यायचा थांबला, की दुसऱ्याने समजायचं तो गेला, आणि सगळा कारभार स्वतःकडे घ्यायचा. आग लागो, पाणी शिरो, एक तरी उभा राहील, अशी ती सोय होती.

त्या सोयीत एक खोट होती आणि सुनीतीला ती माहीत होती. मधली तारच तुटली तर दोघंही जिवंत असून दोघांनाही वाटणार की समोरचा मेला. मग दोघं मालक होऊन बसणार. ते टाळायला तिसऱ्या जागी एक लहानसं यंत्र लागतं, साक्षीदारासारखं. तार तुटली की साक्षीदार ज्याच्या बाजूने बोलेल तो चालू राहतो, दुसरा गुमान थांबतो. सुनीतीने ते कागदावर मांडलं होतं, पण पुढच्या टप्प्यात. मग दोन वर्षं तो पुढचा टप्पा तिनेच मागितला नाही. काम चालू होतं.

मे महिन्यातल्या एका बुधवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, रस्ता खोदणाऱ्या मशीनने दोन्ही इमारतींमधली फायबरची तार तोडली.

तार जुळेपर्यंत इस्पितळात कुणाला काही कळलंच नाही, कारण दोन्हीकडचे संगणक छान चालत होते. बूढ़ापाऱ्याचा सर्व्हर नोंदी घेत होता, भनपुरीचाही घेत होता. दोघंही रुग्णांना क्रमांक देत होते, आणि तेच क्रमांक देत होते. मग तार जोडली गेली, तीन वाजून दोन मिनिटांनी. आणि दोघं समोरासमोर आले तसे हटून बसले. दोघांचं म्हणणं, खरी वही माझी. सगळीकडचे संगणक गोठले.

व्यवस्थापक श्रीपाद खेर यांचा फोन आला. “मॅडम, किती वेळ? ऑपरेशन थिएटरवाले ओरडून राहिले इथे.”

“सर, एक बाजू ठेवावी लागेल, दुसरी सोडावी लागेल.”

“मग सोडा नं. थांबलात काहून?”

बूढ़ापाऱ्यात नोंदी जास्त होत्या. तिने ती बाजू ठेवली आणि भनपुरीच्या सर्व्हरला हुकूम लिहिला, की तुझ्याकडचं टाकून दे आणि याचं घे. अशा वेळी आधी टाकायच्या बाजूची प्रत काढून ठेवायची असते. हे तिने स्वतः शिकाऊ मुलामुलींना शंभरदा सांगितलं होतं. प्रत काढायला वीस मिनिटं लागली असती. तिने एंटर दाबलं.

संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं. खेरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुकही केलं.

भनपुरीच्या त्या बावन्न मिनिटांत तेवीस नवे रुग्ण नोंदले गेले होते. छापील चिठ्ठ्यांवरून चौदांची नोंद पुन्हा करता आली. उरलेल्या नऊ जणांच्या चिठ्ठ्या नव्हत्या, कारण एका खिडकीचा प्रिंटर त्या दुपारी अडला होता. सुनीतीने अहवालात लिहिलं, ‘नऊ नोंदी अप्राप्य’. किरकोळ दुखणी असतील, औषध घेऊन गेले असतील, असं खेर म्हणाले. तिनेही मान डोलावली.

जून उजाडला आणि ती कशाला तरी भनपुरीला गेली. तिथे नोंदणीच्या खिडकीवर गंधाली बसायची, नागपूरकडची, तिशीतली. चहा पिता पिता गंधाली म्हणाली, “दीदी, ते बिनानावाचं काय झालं?”

“कोणतं?”

“त्या दिवशीचं. एकाला बेशुद्ध आणलं होतं, ट्रकच्या फाळक्याखाली आलेला. संग एक जण होता. मी नाव विचारलं तर सांगूनच नाही राहिला. मले वाटलं मारामारीची केस आहे. मग म्हणाला, मितान आहे माझा, मी त्याचं नाव घेत नाही.”

सुनीतीला ते समजलं. छत्तीसगढ़ात दोन माणसं देवाच्या साक्षीने मितान होतात, सख्ख्या भावापेक्षा जवळची, आणि त्या दिवसापासून जन्मभर एकमेकांचं नाव उच्चारत नाहीत.

“मग?”

“मग मी म्हटलं, भैया, नाम के बिना भर्ती नहीं होगी. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अन् हळूच बोलला. दोनदा विचारावं लागलं मले. मी टाईप केलं. हाताला नंबरचा पट्टा बांधला, चार हजार चारशे सतरा. तेवढा ध्यानात आहे, माझ्या गाडीचा नंबर आहे तो. नाव नाही आठवत, दीदी. दिवसाला दोनशे नावं लिहितो आपण.”

सुनीतीने परत येऊन ४४१७ उघडून पाहिला. बाळंतपणासाठी आलेली एक बाई. मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी गेल्या. मग तिने त्या दिवशीची अपघाताची केस शोधली, आणि काय घडलं ते एकेक पायरीने तिच्या समोर आलं.

त्या माणसाच्या डोक्याला मार होता, म्हणून भनपुरीहून त्याला गाडीत घालून बूढ़ापाऱ्याला पाठवलं. गाडीत मितानला घेतलं नाही. गाडी पोचेपर्यंत तार जुळली होती आणि सुनीतीचा हुकूमही सुटला होता. इथल्या नर्सने पट्ट्यावरचा नंबर टाकला तर बाळंतीण निघाली. चुकीचा पट्टा समजून तिने तो कापला आणि नवा बांधला. त्यावर लिहिलं, ‘अज्ञात पुरुष, अंदाजे चाळीस’. पोलिसांना गेलेली खबरही तशीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, वाचण्यासारखा नव्हताच. कुणी न्यायला आलं नाही. मुदत सरल्यावर पालिकेच्या माणसांनी बेवारस म्हणून दफन केलं.

त्या दिवसापासून सुनीतीचं कशात लक्ष लागेना. सर्व्हर रूममध्ये पंखे घोंघावत तेव्हा तिला वाटे, कुणीतरी भिंतीकडे तोंड करून हळूच काहीतरी बोलतंय आणि आपल्याला नीट ऐकू येत नाहीये. ती कान द्यायची. नुसते पंखे. पडद्यावर नावांच्या याद्या सरकत, आणि दोन नावांच्या मधे तिला एक रिकामी ओळ दिसे, जी तिथे नसायची. एकदा गोल बाज़ारात भांड्यांच्या दुकानी नाव घालायला दिलेला डबा घ्यायला गेली, तर कारागिराने विचारलं, “क्या नाम लिखना था?” आणि तिने नुसता हात पुढे केला. डबा तसाच घेऊन घरी आली.

“काहून जेवून नाही राहिली तू?” आईने विचारलं. “कोणी बोललं का तुले?”

“कोणी नाही बोललं, आई. तेच तर.”

मग तिने भनपुरीच्या सर्व्हरची डिस्क काढून आणली. नोंदी तर पुसल्या होत्या आणि त्यांच्यावर दुसरं लिहूनही झालं होतं. पण ज्या प्रिंटरने चिठ्ठ्या छापल्या नाहीत, त्याच्याकडे जायला निघालेल्या कच्च्या प्रती डिस्कच्या वेगळ्याच कोपऱ्यात साठल्या होत्या. त्या रद्द झाल्या तरी त्यांचे तुकडे राहिले असण्याची शक्यता होती. तिने डिस्क कणाकणाने वाचणारा प्रोग्राम लावला. एकोणीस दिवस तो चालला. रोज सकाळी ती पाहायची, काय वर आलंय. बहुतेक कचरा. वर आलेल्या मजकुराच्या बाविसाव्या पानावर एका सकाळी हे होतं:

‘…लू निषाद. उम्र 38. साथ में मितान. मो.’ आणि पुढे मोबाईल नंबर. आठ आकडे. शेवटचे दोन पुसलेले.

तिने ती ओळ डायरीत उतरवून घेतली. मग शाल काढून ठेवली आणि इस्पितळाच्या गच्चीवर गेली.

दोन आकडे म्हणजे शंभर नंबर. शून्य शून्यपासून तिने सुरुवात केली. रोज जेवणाच्या सुट्टीत, बूढ़ा तालाबाकडे तोंड करून, आठ-दहा फोन. काही नंबर अस्तित्वात नव्हते. एक जण बिलासपूरचा शिक्षक निघाला, एक बाई रागावली, एका म्हाताऱ्याला वाटलं की त्याचा मुलगा सापडलाय, आणि त्याला समजावताना तिची सुट्टी संपली. प्रत्येकाला ती एकच विचारायची, आपके मितान का भनपुरी में एक्सीडेंट हुआ था क्या?

अडुसष्टाव्या नंबरला पलीकडच्या माणसाने प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, “हव. मोर महाप्रसाद. कहाँ हे ओ?”

मितानला तो महाप्रसाद म्हणत होता. आणि तो कुठे आहे, असं विचारत होता. चार महिन्यांनंतर.

“मी येते,” एवढंच ती म्हणाली, मराठीतच. मग हिंदीत पुन्हा सांगितलं.

त्याचं नाव मनहरण. बेमेतऱ्याकडच्या खपरी गावचा. ट्रकांवर माल चढवायला दोघं मितान बरोबरच भनपुरीला यायचे. मनहरणने ओसरीवर बसून सगळं सांगितलं. गाडी गेल्यावर तो धावत-पळत बूढ़ापाऱ्याला पोचला. खिडकीवर पुन्हा नाव घ्यावं लागलं, दुसऱ्यांदा. खिडकीवरच्या माणसाने संगणकात पाहून सांगितलं, “इस नाम का कोई नहीं है.” दुसऱ्या सकाळी तो परत गेला, पुन्हा नाव घेतलं. तेच उत्तर. त्या वेळी त्याचा महाप्रसाद त्याच इमारतीत, दोन मजले वर होता. मग मनहरणने रायपूरचं एकेक इस्पितळ पालथं घातलं. शेवटी त्याला वाटलं, बरा होऊन कुठे भटकत गेला असेल, डोक्याला लागलं होतं ना.

दाराशी त्या गेलेल्या मितानची बायको, केजाबाई, उभी होती. हातात लाखेच्या बांगड्या, कपाळावर कुंकू.

सुनीतीने सांगितलं. काही गाळलं नाही. तार तुटली, दोन यंत्रं भांडली, एकाचं ठेवायचं होतं, मी दुसऱ्याचं पुसलं, त्यात नाव गेलं. केजाबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तैं पोंछे?” तू पुसलंस?

“हो. मीच.”

केजाबाई आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि सुनीतीपुढे ठेवून पुन्हा आत गेली. मनहरण म्हणाला, “दीदी, पूरा नाम आप ही बोल दो. आपको आधा मिला है, आधा हमारे राशन कार्ड में है.” कार्डावर लिहिलं होतं, दुकालू निषाद. सुनीतीने ते मोठ्याने वाचलं. मनहरण खाली मान घालून बसला होता.

ती त्या दोघांना घेऊन रायपूरला दफनाच्या जागी गेली. रखवालदाराने उंचवट्यांची एक रांग दाखवली. पाट्या पावसात वाहून गेल्या होत्या. “इनमें से कोई एक,” तो म्हणाला. केजाबाई रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, प्रत्येकाजवळ थोडी थांबली. मग बांगड्या काढल्या.

मृत्यूच्या दाखल्यावर नाव चढवायला इस्पितळाचं पत्र लागत होतं. खेरांनी मजकूर तयार केला, ‘तांत्रिक कारणास्तव नोंद उपलब्ध नाही’.

“सर, कारण तांत्रिक नव्हतं. प्रत न काढता मी पुसलं.”

“मॅडम, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देऊन राहिल्या हे.”

“हो.”

तिने तसंच लिहून सही केली. महिनाभरात दाखला झाला. सर्व्हरची जबाबदारी तिच्याकडून काढून घेतली आणि तिला प्रशिक्षण विभागात बसवलं. तिच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात साक्षीदाराचं यंत्र बसवलं. दीड वीत लांबीचा डबा. बसवायला एक दुपार लागली.

उरलेल्या आठांपैकी सहा जण सुनीतीने हळूहळू शोधले. सगळे धड होते. कुणाला ताप होता, कुणाच्या बोटाला टाके. त्यांना तिच्या फोनचं नवलच वाटलं. एकाचा फक्त गावाचा तुकडा सापडला, आणि त्या नावाची गावं चार जिल्ह्यांत आहेत. आठव्याचं तिच्या डायरीत एवढंच उतरवलेलं आहे: ‘बच्ची, उम्र 4, साथ में’. पुढे काही नाही. ती डिस्क त्यानंतर बंदच पडली. ताप असेल, औषध घेऊन आईबरोबर घरी गेली असेल. बहुतेक तसंच झालं असेल, असं सुनीती आईला सांगते, आणि आई विचारते, कोणाबद्दल बोलून राहिली तू.