मामाच्या दुकानातली प्रवेशपरीक्षा

कॉलेज कशाशी खातात हे आमच्या मामाला माहीत नाही, असं म्हणणारे लोक आमच्याच घरात होते. आणि तेच लोक पोरं बारावी झाली की त्यांना हाताला धरून आधी मामाकडे न्यायचे.

मामा पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करतो. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे एक लोखंडी जिना. दुकानात शिरलं की तांब्याच्या तारेचा आणि तापलेल्या वार्निशचा वास येतो. मला तो वास लहानपणापासून आवडतो आणि माझ्या आईला त्याने शिंका येतात. मामी गेल्यापासून वर मामा आणि त्याची मुलगी ठमी, दोघंच. ठमीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं आहे. ते घेऊन हाक मारली तर ती मागे वळूनही बघायची नाही.

तर पोरांचं सांगत होते. सायन्स, इंजिनिअरिंग की बिझनेस, आणि इथेच की बाहेरच्या देशात, यावरून प्रत्येक घरात रणकंदन माजायचं. बाप म्हणायचा इंजिनिअरिंग. आई म्हणायची काहीही कर, पण विमानात बसू नको. पोरगं काहीच म्हणायचं नाही, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसायचं. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "कान सोनारानेच टोचावेत बाबा. मामाकडे पाठवा दोन-चार दिवस."

मामा त्या पोरापुढे एक बंद पडलेला टेबलफॅन ठेवायचा आणि म्हणायचा, "बस याच्यापाशी." एवढीच परीक्षा. मग तो आपल्या कामाला लागायचा आणि चष्म्याच्या वरून बघत राहायचा. कुणी पंख्याचा स्क्रू न् स्क्रू सुटा करून, पंखा चालू करायचा असतो हेच विसरून, "पण हे फिरतंच का?" असं विचारत बसलं, तर मामा म्हणायचा, "याला सायन्सला घाला. आणि जेवायला हाक मारायला माणूस ठेवा." कुणी इकडची तार तिकडे जोडून, दोन चटके खाऊन का होईना, पंखा फिरवलाच, तर तो इंजिनिअर. बाहेरच्या देशात जाऊ का, असं कुणी विचारलं की मामा बेधडक म्हणायचा, "जा." मी स्वतः पंख्याला हातही लावला नाही. समोर आलेल्या बाईंना, "यापेक्षा तो कोपऱ्यातला घ्या, याचा आवाज फार येतो," असं सांगून मामाकडचा दुरुस्त करून ठेवलेला जुना पंखा विकून टाकला. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. माझा निकाल तिथेच लागला. आज मी बिस्किटांच्या कंपनीत विक्री बघते आणि बरी बघते.

या परीक्षेला शास्त्रीय आधार शून्य आहे, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. तो म्हणाला, "तुला शास्त्रातलं काय कळतं? तू बिझनेसवाली." तो चुकलाही आहे. एक मावसभाऊ पंखा उघडून त्याच्यावरच डोकं ठेवून झोपला होता. मामाने त्याला सायन्स सांगितलं, का ते मामालाच ठाऊक. त्याने वर्षभरात कॉलेज सोडलं. आता तो पोहायला शिकवतो आणि आमच्या सगळ्यांत सुखी दिसतो. तरी लोक यायचेच. मला वाटतं, पंख्याचं निमित्त असायचं. आपल्या पोराकडे चार दिवस कुणीतरी नीट बघतंय, हेच त्यांना हवं असायचं.

ठमीची परीक्षा घ्यायची गरज कुणालाच वाटली नव्हती. ती बोलायला लागली तीच मुळी प्रश्न विचारत. बटण बंद केलं तरी पंखा थोडा वेळ फिरतो तो कुणाच्या सांगण्यावरून? तार गरम होते तर वितळत का नाही? एकदा तर गिऱ्हाइकाची चांगली झालेली इस्त्री तिने परत उघडली, कारण पुरेसं तापलं की थांबायचं हे इस्त्रीला कसं समजतं, ते तिला बघायचं होतं. तो माणूस चुरगळलेला शर्ट घालून इस्त्री न्यायला आला, तेव्हा मामाने त्याला बनियनवर बसवून ठेवलं आणि शर्टाला घरच्या इस्त्रीने इस्त्री करून दिली. ठमीला तो रागावला नाही. मी असते तर कान उपटला असता.

या वर्षी ठमी बारावी झाली. बाहेरच्या देशातल्या एका कॉलेजने तिला पदार्थविज्ञानासाठी बोलावलं, शिष्यवृत्तीसकट. आणि इथे, बसने अर्ध्या तासावर, इंजिनिअरिंगचीही जागा मिळाली. बाहेरच्या कॉलेजला हो की नाही ते रविवारपर्यंत कळवायचं होतं. आम्ही सगळ्यांनी तिला केव्हाच विमानात बसवून टाकलं होतं. घोडं कुठे पेंड खात होतं कळेना, पण ठमी काही बोलेना. रविवारी सकाळी आई आणि मी त्यांच्याकडे गेलो, तर बाईसाहेब खाली दुकानात बापासमोर उभ्या.

"बाबा, मलाही पंखा दे."

"तुला कशाला? तू यांच्यातच वाढलीस."

"सगळ्यांना दिलास, मग मला का नाही?"

मामाने पंखा ठेवला. ठमीने टेस्टर लावला, मागचं झाकण काढलं, कंडेन्सर गेलेला होता तो बदलला, झाकण बसवलं, बटण दाबलं. पंखा भिरभिर फिरायला लागला. तिने पाती पुसायचं फडकंसुद्धा जागेवर ठेवलं. वर आईने टाकलेला चहा अजून उकळला नव्हता.

मामाने पंखा बंद केला, परत चालू केला. मग म्हणाला, "इंजिनिअरिंग."

"म्हणजे इथेच," आई जिन्यावरून म्हणाली. तिला इतका आनंद झाला की ती चहा विसरली आणि तो उतू गेला.

"मी म्हणतच होते," ठमी म्हणाली आणि हसली. ती असं काही कधीच म्हणाली नव्हती. मला ते पटलं नाही, पण माल हलला की आम्ही विक्रीवाले प्रश्न विचारत नाही.

जेवायला आम्ही चौघं वर सतरंजीवर बसलो. आई बसच्या पासबद्दल बोलत होती. मामा भात नुसता कालवत होता.

"ठमे," तो एकदम म्हणाला, "कंडेन्सर का गेला होता गं?"

"जुना होता."

"जुना नव्हता. मीच दोन महिन्यांपूर्वी घातला होता."

ठमी वाटीतली आमटी ढवळायला लागली.

"दोन महिन्यांत का जातो, हे तुला विचारावंसं वाटलं नाही? तुला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसून या पोरीने आमच्या सगळ्यांच्या परीक्षा बघितल्या होत्या. काय केलं की कोणता निकाल लागतो, हे तिला पाठ होतं. हा पेपर तिच्यापुरता कधीचाच फुटलेला होता.

"मी गेले तर तुला जेवायला कोण हाक मारणार?" ठमीला रडू फुटलं. "मी हाक मारली नाही तर तू चार-चार वाजेपर्यंत जेवत नाहीस. शटर ओढताना पाठ धरते, ते कुणाला सांगतोस? मला तरी कुठे सांगतोस, मला दिसतं म्हणून कळतं. तिकडून काय दिसणार आहे मला?"

"मी आहे ना गं," आई म्हणाली. "मी रोज डबा पाठवीन."

"तुझा डबा खाण्यापेक्षा मी वायर खाईन," मामा म्हणाला. आणि मग ठमीला, "मी काय बंद पडलेला पंखा आहे, माझ्यापाशी बसून राहायला?"

"हो," ठमी रडत म्हणाली. "आहेसच."

यावर खरं तर हसू यायला हवं होतं. मामाने उष्ट्या हाताची मूठ केली आणि ताटाकडे बघत बोलायला लागला.

"तू टेस्टर हातात घेतलास तेव्हाच मला कळलं होतं. तू टेस्टर आधी कधीच घेत नाहीस, आधी कान लावतेस. मला कळलं की तू नाटक करतेयस, आणि कशासाठी करतेयस तेही कळलं. तरी मी इंजिनिअरिंग म्हणालो. म्हटलं, राहतेय तर राहू दे. लोकांची पोरं मी भराभर विमानात बसवली गं. मागे राहिलेल्या बापाला काय होत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही."

आई पदराने नाक पुसायला लागली. मामी गेली तेव्हा सगळं तिनेच निस्तरलं होतं, तेव्हाही ती आमच्यासमोर रडली नव्हती.

मामा उठला, हात धुतले, लॅपटॉप ठमीसमोर आणून ठेवला.

"कळवून टाक. मी इथे बसलो तर तू माझ्या तोंडाकडे बघशील, आणि माझं तोंड आज भरवशाचं नाही. मी खाली जातो. तुला सायन्स नकोच असेल तर 'नाही' कळव, मी एक शब्द बोलणार नाही. पण माझ्यासाठी 'नाही' कळवलंस, तर मी तुझ्याशी बोलायचा नाही. आणि मला कळेल."

तो जिना उतरून गेला. ठमीने लॅपटॉप उघडला. मी तिला काहीतरी सांगणार होते. विकायची सवय आहे ना, तोंड आपोआप उघडतं. आईने माझ्या मांडीला चिमटा काढला. ठमीने डोळे पुसले, एकदा वाचलं, परत वाचलं आणि बटण दाबलं. मग ती धाडधाड जिना उतरली आणि तिच्या मागे मी.

दुकान रविवारचं बंद होतं. मामा दिवा न लावता स्टुलावर बसला होता. हात नुसते मांडीवर. त्याचे हात रिकामे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"बाबा, 'हो' कळवलं."

"बरं झालं," मामा म्हणाला. "फार बरं झालं. आता तू वर जाऊन जेवून घे. मी जरा रडून येतो."

ठमी वर गेली नाही. मी वर जाऊन दोघांची ताटं झाकून ठेवली.